गाभण लॅब्राडॉरचा कॉर्टिसॉल जास्त आलाय, कुशिंगची औषधं सुरू करू का?

प्रश्न घोडबंदर रोडवरच्या एका ताईंचा आहे. चार वर्षांची लॅब्राडॉर, दुसरं वेत, मेटिंग होऊन साधारण सात आठवडे झालेत. सोनोग्राफीत पिल्लं दिसली आहेत. गेले काही दिवस ती पाणी खूप पिते, खाणं संपवून पुन्हा भांडं चाटत बसते, धापा टाकते, पोट लोंबलंय. काळजी वाटली म्हणून घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबचं मोठं पॅकेज घेतलं. त्यात कॉर्टिसॉल ९.२ आला, शेजारी 'जास्त' अशी खूण. ओळखीतल्या कुणीतरी हा कुशिंगचा आजार, म्हणजे अ‍ॅड्रिनल ग्रंथीतून कॉर्टिसॉल सतत जास्त सुटण्याचा आजार, असल्याचं सांगितलं आणि त्यावरच्या ट्रायलोस्टेनच्या कॅप्सूल घरात येऊन पडल्या. ताई विचारतात, सुरू करू का? आणि गाभणपणात अ‍ॅड्रिनलचे हार्मोन वाढतात की नाही? वाचावं तिथे वेगळंच लिहिलेलं असतं.

पहिल्याचं उत्तर: कॅप्सूल देऊ नका. एकही नाही. दुसऱ्याला वेळ लागेल. वाचावं तिथे वेगळं असतं, कारण ते वेगवेगळ्या प्राण्यांबद्दल असतं. कुणी बायकांवर लिहितो, कुणी उंदरांवर, कुणी मेंढ्यांवर, आणि वाचणारा ते सरसकट आपल्या कुत्रीला लावतो. अ‍ॅड्रिनलच्या बाबतीत तरी असं एकाचं दुसऱ्याला लावता येत नाही. काही प्राण्यांत गाभणपणाची सूत्रं आईच्या अ‍ॅड्रिनलपेक्षा पोटातल्या पिल्लाच्या अ‍ॅड्रिनलकडे असतात, आणि तिथे आईचं रक्त तपासून काहीच कळत नाही.

आधी कॅप्सूलचं. अ‍ॅड्रिनल म्हणजे मूत्रपिंडाच्या टोकाशी असलेली छोटी ग्रंथी. पाठ्यपुस्तकात अधिवृक्क म्हणतात, क्लिनिकमध्ये सगळे अ‍ॅड्रिनलच म्हणतात. तिच्या बाहेरच्या भागात कोलेस्टेरॉलपासून पायरीपायरीने स्टेरॉइड हार्मोन तयार होतात: कॉर्टिसॉल, अल्डोस्टेरॉन आणि थोडे लैंगिक हार्मोन. ट्रायलोस्टेन या वाटेवरचं एक एन्झाइम अडवतं आणि कॉर्टिसॉल खाली येतो. अडचण अशी की नेमकं तेच एन्झाइम अंडाशयात गाभणपण टिकवणारं प्रोजेस्टेरॉन बनवायलाही लागतं. कुत्रीच्या गाभणपणात प्रोजेस्टेरॉनचा दुसरा कुठलाही पुरवठा नसतो. तिची वार प्रोजेस्टेरॉन बनवत नाही, अंडं सुटल्यावर अंडाशयात तयार होणारे पीतपिंडच शेवटच्या दिवसापर्यंत सगळा भार वाहतात. प्रोजेस्टेरॉन २ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली गेलं आणि तिथेच राहिलं की गाभणपण संपलं. म्हणून गाभण आणि दूध पाजणाऱ्या कुत्रीला हे औषध वर्ज्य आहे. आणि ताई, घरात कुणी गरोदर असेल किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल, तर तिने या कॅप्सूलला हातही लावू नये. कॅप्सूल फोडून भातात मिसळणं तर कुणीच करू नये.

आता तो ९.२. एकट्या कॉर्टिसॉलच्या आकड्यावर कुशिंगचं निदान करता येत नाही, कुत्री गाभण असो वा नसो. कुत्र्यात हा हार्मोन दिवसभर झटक्याझटक्याने सुटतो. माणसाच्या रिपोर्टवर 'सकाळी आठचा नमुना' असतो, कारण माणसात सकाळी जास्त, रात्री कमी अशी स्पष्ट लय असते. कुत्र्यात अशी ठळक लय दिसत नाही. बहुतेक लॅबची सामान्य मर्यादा १ ते ६ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आसपास असते. अनोळखी माणूस घरात आला, त्याने पाय धरला, केस कापले, सुई टोचली, एवढ्यावर निरोगी कुत्र्याचा आकडाही ती ओलांडतो. तुमच्या कुत्रीचा ९.२ मला त्या दुपारच्या धावपळीचा वाटतो. आजाराचा म्हणावा असं त्यात काही दिसत नाही.

शिवाय कुशिंग झालेल्या कुत्र्या बहुतेक वेळा माजावरच येत नाहीत. सतत वाढलेला कॉर्टिसॉल मेंदूकडून अंडाशयाला जाणारे संदेश दाबून टाकतो. तुमची माजावर आली, तिला पिल्लं राहिली, सात आठवडे टिकली. हाच कुशिंगच्या विरोधातला पुरावा आहे. आजारही साधारण मध्यम वय उलटलेल्या कुत्र्यांचा. चौथ्या वर्षी अगदी होतच नाही असं नाही, पण माझ्या यादीत तो बराच खाली असेल.

मग पाणी, भूक, धाप, पोट? पोटात पिल्लं आहेत. सातव्या आठवड्यात जठराला पसरायला जागा नसते, म्हणून ती एका वेळी कमी खाते आणि पुन्हा पुन्हा मागते. शेवटच्या टप्प्यात तिची गरज नेहमीच्या दीडपट होते. धापेला आपल्याकडची दमट हवा पुरेशी आहे. रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन कमी दिसलं असेल तर त्यानेही घाबरू नका. रक्तातलं पाणी वाढतं तसा पेशींचा टक्का उतरतो, आणि व्यायच्या सुमारास तो ३५ च्या खाली जाणं नेहमीचं आहे. एकाच गोष्टीकडे मात्र मी लक्ष देईन, ती म्हणजे साखर. कुत्रीत प्रोजेस्टेरॉनमुळे कासेतून ग्रोथ हार्मोन सुटतो आणि तो इन्सुलिनला काम करू देत नाही. त्यातून काही कुत्र्यांना गाभणपणातला मधुमेह होतो. पाणी आणि भूक दोन्ही वाढण्याचं ते खरं कारण असू शकतं. ते शोधायला एक ग्लुकोज आणि लघवीची पट्टी पुरते, पॅकेज लागत नाही.

आता मोठा प्रश्न, आणि सुरुवात बाईपासून, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो.

बाईच्या गरोदरपणात एकूण कॉर्टिसॉल खरोखरच चढतो, शेवटी दुप्पट-तिप्पट होतो. याला दोन कारणं. एक, वाढलेल्या इस्ट्रोजेनमुळे यकृत कॉर्टिसॉल वाहून नेणारं प्रथिन जास्त बनवतं. या प्रथिनाला चिकटलेला कॉर्टिसॉल म्हणजे बँकेतली मुदत ठेव: खात्यात दिसते, पण खर्चायला मिळतो तो खिशातला मोकळा पैसा. रिपोर्टमध्ये ठेव आणि खिसा एकत्र मोजलेले असतात. दुसरं कारण, माणसाची वार स्वतःच सीआरएच बनवते. हा हार्मोन एरवी मेंदूतून येतो आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला चेतवतो, पिट्युटरी एसीटीएच सोडते, एसीटीएचने अ‍ॅड्रिनल जागी होते. वारेतून सीआरएच येणं ही माणूस, वानर आणि माकडं यांची खासियत आहे. कुत्री, मांजर, गाय, शेळी यांच्यात ते नाही. म्हणून बाईत दिसणारी ती महिनोन्महिने चढत जाणारी रेषा कुत्रीत शोधू नका. कुत्रीत ठळक वाढ दिसते ती व्यायच्या तोंडावर, प्रोजेस्टेरॉन कोसळतं त्या शेवटच्या दिवसाच्या आसपास.

या विषयाचा वैद्यकाच्या इतिहासाशी एक धागा आहे, तो सांगायचा मोह आवरत नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच हे संधिवाताचे डॉक्टर होते. कावीळ झाली की संधिवाताचे काही रुग्ण बरे होतात, आणि गरोदरपणातही बायकांचे सांधे हलके होतात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. शरीरात असा कुठलातरी पदार्थ वाढत असणार असा त्यांचा अंदाज. त्या शोधातून १९४८ मध्ये कॉर्टिसोन पहिल्यांदा संधिवाताच्या रुग्णाला टोचलं गेलं आणि १९५० मध्ये हेंच, केंडॉल आणि राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं. गरोदरपणात सांधे का सुधारतात याला आज रोगप्रतिकारशक्तीतल्या बदलांसारखी आणखी कारणं दिली जातात, तरी धागा पकडला गेला तो तिथूनच.

गिनी पिग हा आणखी एक वेगळा प्राणी. गाभणपणात त्यांच्या रक्तात वाहक प्रथिन आणि कॉर्टिसॉल दोन्ही इतके वाढतात की आकडा पाहून नवखा डॉक्टर चक्रावेल. उंदीर-घुशींच्या अ‍ॅड्रिनलमध्ये तर कॉर्टिसॉल बनतच नाही म्हणा, त्यांचा मुख्य हार्मोन कॉर्टिकोस्टेरॉन. पण उंदरांवरच्या कामातून एक सुंदर गोष्ट कळली. गाभणपणाच्या शेवटच्या दिवसांत उंदरीणीला ताण दिला तरी तिची अ‍ॅड्रिनल पूर्वीसारखी उसळत नाही. प्रोजेस्टेरॉनपासून बनणारा अ‍ॅलोप्रेग्नेनोलोन मेंदूत अफूसदृश रसायनं वाढवतो आणि ताणाची घंटा तिथेच दबते. एडिनबरोच्या गटाने हे नीट उलगडून दाखवलं. पिल्लांपर्यंत आईची भीती कमी पोचावी अशी ही व्यवस्था दिसते.

दुसरी व्यवस्था वारेतच असते. तिथलं एक एन्झाइम आईच्या कॉर्टिसॉलला निष्क्रिय कॉर्टिसोन करून मगच पलीकडे जाऊ देतं. माणसात, मेंढीत, उंदरात ते दिसलेलं आहे. पिल्लाच्या वाढत्या अवयवांना वेळेआधी कॉर्टिसॉल पोचला तर वाढ खुंटते, म्हणून हा नाका. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइड औषधाचाही मोठा भाग माणसाच्या वारेत इथे अडतो. डेक्सामेथासोन आणि बीटामेथासोन ही स्टेरॉइडं मात्र बऱ्यापैकी पार जातात. आणि आपल्या घरातलं ज्येष्ठमध याच एन्झाइमला दाबतं. खोकल्यासाठी माणसाने एखादी कांडी चघळण्याबद्दल मी काही म्हणत नाही, पण गाभण कुत्रीला 'आयुर्वेदिकच आहे' म्हणून ज्येष्ठमधाचा काढा रोज पाजणारे भेटतात. नका पाजू.

आता मेंढी, शेळी, गाय. इथे चित्र उलटतं.

१९६० च्या दशकात न्यूझीलंडमध्ये ऑकलंडचे ग्रॅहम लिगिन्स मेंढ्यांवर काम करत होते. प्रसूती कोण सुरू करतं, आई की गर्भ, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी पोटातल्या कोकराची पिट्युटरी नष्ट केली तर मेंढी व्यायचं नावच घेईना, दिवस भरून पुढे गेले तरी. उलट कोकराला एसीटीएच किंवा कॉर्टिसॉलसारखं औषध दिलं तर ती दिवस भरायच्या आतच व्याली. म्हणजे वेळ ठरवते ती कोकराची अ‍ॅड्रिनल. शेवटच्या दोनेक आठवड्यांत ती पिकते आणि कॉर्टिसॉल चढतो. तो वारेतल्या एन्झाइमांना असा वळवतो की प्रोजेस्टेरॉनचं इस्ट्रोजेन होऊ लागतं, प्रोस्टाग्लँडिन सुटतं आणि गर्भाशय आकसू लागतं. निसर्गानेही हाच प्रयोग केलेला आहे. अमेरिकेतल्या आयडाहो भागात मेंढ्या गाभणपणाच्या चौदाव्या दिवसाच्या सुमारास व्हेराट्रम नावाची रानटी वनस्पती खायच्या आणि कोकरं एका डोळ्याची व्हायची. त्यांतल्या काहींना पिट्युटरी नसायची, आणि अशा मेंढ्या दिवस उलटून गेले तरी व्यायच्या नाहीत. गर्न्सी आणि होल्स्टीन गायींतही गर्भाच्या पिट्युटरी-अ‍ॅड्रिनलच्या आनुवंशिक दोषामुळे असे लांबलेले गाभणपण नोंदलेले आहेत.

याच प्रयोगांत लिगिन्सना आणखी काही दिसलं. खूप लवकर जन्मलेलं एक कोकरू, जे जगायलाच नको होतं, श्वास घेत होतं. त्याची फुप्फुसं काही प्रमाणात फुगली होती. स्टेरॉइडने ती वेळेआधी पिकली होती. १९७२ मध्ये लिगिन्स आणि हॉवी यांनी कमी दिवसांच्या प्रसूतीचा धोका असलेल्या बायकांना बीटामेथासोन देऊन हेच माणसात दाखवलं. आज ठाण्यातल्या कुठल्याही प्रसूतिगृहात सातव्या-आठव्या महिन्यात कळा सुरू झालेल्या बाईला ती इंजेक्शनं देतात, त्यांची मुळं न्यूझीलंडच्या मेंढ्यांत आहेत.

माणसाच्या गर्भाची अ‍ॅड्रिनल शरीराच्या मानाने प्रचंड असते. तिचा एक खास थर डीएचईए या हार्मोनचा सल्फेट बनवतो, वार त्यापासून इस्ट्रोजेन घडवते, आणि जन्मानंतर हा थर विरून जातो. घोड्याचं पिल्लू तिसऱ्याच वाटेने जातं. सुमारे ३४० दिवसांच्या गाभणपणात त्याची अ‍ॅड्रिनल वारेला कच्चा माल पुरवत राहते, पण कॉर्टिसॉल चढतो तो अगदी शेवटच्या दोन-तीन दिवसांत. म्हणून घाई करून व्यायला लावलेल्या घोडीचं शिंगरू दिसायला पूर्ण आणि आतून कच्चं निघतं.

भिवंडी-कल्याणकडच्या तबेल्यांत हे शास्त्र कुणी पुस्तकातून शिकलेलं नसतं, पण त्याचा फटका सगळ्यांना माहीत असतो. म्हशीचे साधारण ३१० दिवस, गायीचे २८० च्या आसपास, शेळीचे १५०. आठ-नऊ महिन्यांच्या गाभण जनावराला ताप आला, पाय सुजला, कास कडक झाली आणि कुणी 'डेक्सा' टोचलं, की वारेला वाटतं कोकराचा किंवा वासराचा इशारा आला. गायीत तर शेवटच्या दोन आठवड्यांत डेक्सामेथासोनचं एक इंजेक्शन दिलं की दोन-तीन दिवसांत ती व्यायला बसते. तो व्यायला लावण्याचा मान्य मार्गच आहे. पण त्या वेळी वार बहुतेकदा अडकते, आणि त्याआधी दिलं तर जनावर गाभडतं किंवा वासरू कच्चं येतं. बिना डिग्रीचा माणूस बॅगेत डेक्सा घेऊन फिरतो तेव्हा मालकाने एकच विचारावं: कितवा महिना चालू आहे हे तुला सांगितलंय का?

शेळीचं आणखी नाजूक. गायीत शेवटच्या महिन्यांत वार आणि थोडीशी आईची अ‍ॅड्रिनलही प्रोजेस्टेरॉनला हातभार लावतात, शेळी मात्र कुत्रीसारखीच पूर्णपणे पीतपिंडावर अवलंबून. तिला उपास घडला, थंडी-पावसात भिजली, ट्रकमध्ये कोंबून दूरवर नेली, तर साखर उतरते, गर्भाची अ‍ॅड्रिनल वेळेआधी चेतते आणि ती गाभडते. अंगोरा शेळ्यांत हा प्रकार चांगलाच ओळखीचा आहे. बकरी ईदच्या आधी आपल्याकडे शेळ्यांची जी वाहतूक होते, तिच्यात गाभण माद्या असतील तर त्या वेगळ्या काढणं एवढं तरी व्हायला हवं.

परत कुत्रीकडे येऊ, कारण नवी मुंबईत सध्या एक फॅशन आहे, मुहूर्ताचं सिझर. फ्रेंच बुलडॉग, पग, बुलडॉग यांची डोकी मोठी, कंबर अरुंद, त्यांचं सिझर बऱ्याचदा करावंच लागतं हे मान्य. पण 'गुरुवारी करा डॉक्टर, गुरुपुष्य आहे' किंवा 'रविवारी सगळे घरी असतात' हा निकष नाही. मेटिंगच्या तारखेवरून कुत्रीचे दिवस ५८ पासून ७२ पर्यंत काहीही भरू शकतात. शुक्राणू बरेच दिवस टिकतात आणि अंड्यांना पिकायला वेळ लागतो, म्हणून मेटिंगच्या दिवसाला फारसा अर्थ नाही. अंडं सुटल्यापासून मोजलं तर ६३, एक दिवस इकडेतिकडे. शेवटच्या दोन दिवसांत प्रोजेस्टेरॉन कोसळतं, कॉर्टिसॉल चढतो आणि पिल्लांची फुप्फुसं बाहेरच्या हवेसाठी तयार होतात. त्याआधी पोट उघडलं तर गोंडस, पूर्ण वाढलेली, पण श्वास न घेणारी पिल्लं हातात येतात. सिझरच्या आधी प्रोजेस्टेरॉन मोजा, २ च्या खाली आल्याशिवाय सुरी उचलू नका. एवढी तपासणी वाशीत आणि ठाण्यात सहज होते.

आता खाजेचं. पावसाळ्यात निम्म्या कुत्र्यांना खाज सुटते आणि घरात मागच्या वर्षीची प्रेडनिसोलोनची पट्टी सापडतेच. गाभण कुत्रीला ती देऊ नका. सुरुवातीच्या आठवड्यांत स्टेरॉइडने पिल्लांचा टाळू दुभंगू शकतो, नंतर मोठ्या मात्रेत सलग दिवस दिलं तर पिल्लं विरघळतात किंवा पडतात. आणि एकाएकी बंद करण्याचा धोका वेगळाच. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की अ‍ॅड्रिनल झोपते आणि नेमकी बाळंतपणाच्या ताणाला जागी नसते. मांजरांत तर 'माज थांबवण्याच्या' गोळ्या-इंजेक्शनांनीही हे होतं, कारण मेजेस्ट्रॉलसारखी औषधं प्रोजेस्टेरॉनच्या जातीची असली तरी स्टेरॉइडसारखी वागतात. त्यांनी पायोमेट्रा (गर्भाशयात पू होणं) आणि कासेच्या गाठी होतात ते निराळंच. माझं मत विचाराल तर ही औषधं मांजरांना देऊच नयेत, ऑपरेशन करून मोकळं व्हावं.

ज्या कुत्रीला अ‍ॅडिसनचा आजार आहे, म्हणजे जिची अ‍ॅड्रिनल आधीच थकलेली आहे, तिचं स्टेरॉइड गाभणपणातही चालूच ठेवावं लागतं, उलट व्यायच्या वेळी वाढवावं लागतं. तिथे मीठ-पोटॅशियमवर जास्त नजर हवी. प्रोजेस्टेरॉन हे अल्डोस्टेरॉनच्या खुर्चीत बसून त्याचं काम अडवतं, म्हणून मीठ धरून ठेवायला शरीराला जास्त अल्डोस्टेरॉन बनवावं लागतं. बाईत तर गरोदरपणात ते कित्येक पटींनी चढतं. आणि उलटंही लक्षात असू द्या. उलट्या होणाऱ्या गाभण कुत्रीत सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त दिसून अ‍ॅडिसनचा संशय आला, पण एसीटीएच देऊन तपासल्यावर अ‍ॅड्रिनल ठणठणीत निघाली, अशा नोंदी आहेत. गाभण जनावराच्या रिपोर्टला गाभण जनावराचाच चष्मा लागतो.

अ‍ॅड्रिनलच्या आतल्या भागाचं थोडक्यात. तिथून अ‍ॅड्रिनलिन सुटतं आणि ते गर्भाशयाच्या कळा थांबवतं. रानातल्या प्राण्याला हे उपयोगी: वाघ आला तर व्यायचं थांबवून पळता येतं. फ्लॅटमध्ये अडचण अशी की विसर्जनाची मिरवणूक खिडकीखालून जाते, दिवाळीची माळ वाजते, शेजारची मुलं पिल्लं बघायला रांग लावतात, आणि अर्धी व्यालेली कुत्री थांबते. व्यायची खोली आतली, अंधारी आणि एकाच ओळखीच्या माणसाची असू द्या. मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावून गावच्या आजीला दाखवू नका, निदान पहिली दोन पिल्लं येईपर्यंत तरी.

ताई, आता तुमच्यासाठी. उद्या सकाळी उपाशीपोटी ग्लुकोज आणि लघवी तपासा. साखर २०० च्या पुढे आणि लघवीतही साखर असेल तर लगेच डॉक्टरांकडे. बरी असेल तर पाण्याचं भांडं भरलेलंच ठेवा. पाणी तोडल्याने काही साधत नाही. खाणं चार-पाच वेळा थोडं थोडं द्या. कॅल्शियमचं सिरप आता देऊ नका. बाहेरून मिळालं की कॅल्शियम सांभाळणारी पॅराथायरॉइड ग्रंथी सुस्तावते आणि दूध उतरल्यावर कुत्री झटके देते. ५५ व्या दिवसानंतर एक एक्स-रे काढून पिल्लं मोजून घ्या. ५८ व्या दिवसापासून दिवसातून दोनदा तापमान. ९९ फॅरनहाइटच्या खाली उतरलं की साधारण चोवीस तासांत ती व्यायला बसेल. पहिलं पिल्लू येण्याआधीच हिरवा स्राव आला, किंवा ती खाणं सोडून उलट्या करू लागली, तर वाट पाहू नका.

पाणी रोज मोजून लिहून ठेवा, मग्याने मोजलं तरी चालेल. व्याल्यावर दूध सुरू झालं की आकडा आणखी वाढेल, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सगळ्यात जास्त. पिल्लं तुटून महिनाभर झाल्यावरही तिच्या वजनाच्या दर किलोला १०० मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी रोज जात असेल, म्हणजे ३० किलोला ३ लिटरच्या वर, तर मग कुशिंग शोधणारी कमी मात्रेची डेक्सामेथासोन चाचणी करू: सकाळी सुई, आठ तासांत तीनदा रक्त. त्या आकड्यावर बोलता येतं. कॅप्सूलचं पाकीट फोडलेलं नसेल तर बिलासकट दुकानात परत द्या.